मूल पाळणाघरात ठेवावे का?

दीड वर्षाच्या मुलाला पाळणाघरात ठेवावे की नाही, हा प्रश्न निघाला की घरात हटकून दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, "आई धडधाकट असताना पोराला परक्याच्या दारात कशाला सोडायचं?" दुसरा म्हणतो, "चार मुलांत राहील, शहाणं होईल. लवकर सवय लागलेली बरी." दोन्ही पक्ष तावातावाने बोलत असतात आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे, ते जमिनीवर बसून वाटी-चमचा वाजवीत असते. त्याला अजून धड बोलता येत नाही. तेव्हा त्याच्या बाजूनेही हा प्रश्न एकदा तपासून पाहू.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाळणाघर म्हणजे शहरातल्या नोकरदारांचे खूळ, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडला नेले. आईबाप मजुरीला गेले की वारल्यांच्या घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असायचे. मग ती शाळेत येणार कशी? म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पुढे १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था काढली ती १९६९ साली. म्हणजे ही गरज मुळात कष्टकरी आईची. ती मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर आली तेव्हा तिच्यावर वाद सुरू झाले, इतकेच.

आता मुलाकडे वळू. साधारण आठव्या महिन्यापासून मूल आपले माणूस आणि परके माणूस यांत स्पष्ट भेद करू लागते. आई नजरेआड झाली की आकांत मांडते. दहा ते अठरा महिन्यांच्या काळात याचा जोर सर्वांत जास्त असतो; दुसरे वर्ष उलटल्यावर तो हळूहळू ओसरतो. आपण याला 'लाडावलं आहे' म्हणतो. वास्तविक ही वाढीचीच खूण आहे. गेलेले माणूस अजून कोठेतरी आहे एवढे मुलाला कळू लागलेले असते, पण ते परत केव्हा येईल हे कळण्याइतकी काळाची जाण आलेली नसते.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान वयात आईचा सहवास तुटला तर मुलाच्या मनावर खोल परिणाम होतो, असे त्यात मांडले होते. पुढच्याच वर्षी जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट काढला. तो पाहून अनेकांचे डोळे उघडले आणि इस्पितळांचे भेटीचे नियम पुढे बदलत गेले. पाळणाघराविरुद्ध बोलणारे आजही याच विचारांचा आधार घेतात. पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. तो सारा अभ्यास दिवसचे दिवस किंवा महिनोन् महिने आईपासून तुटलेल्या मुलांचा होता. सकाळी सोडून संध्याकाळी घरी आणलेल्या मुलाची गोष्ट वेगळी.

तिचा अभ्यास पुढे झाला. अमेरिकेत १९९१ साली दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा जन्मापासून मागोवा घेण्यास सुरुवात झाली आणि तो कित्येक वर्षे चालू राहिला. त्याचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना थोडे थोडे टोचणारे आहेत. केवळ दुसऱ्याने सांभाळले म्हणून मुलाची आईवरची माया पातळ झाली, असे दिसले नाही. मात्र घरी आईला मुलाची भाषा उमगत नाही आणि बाहेरचा सांभाळही निकृष्ट, असे दोन्ही एकत्र आले की धोका वाढला. जेथे मुलांशी भरपूर बोलत, त्यांच्याकडे लक्ष देत, तेथली मुले भाषेत जराशी पुढे राहिली. जी मुले पाळणाघरासारख्या ठिकाणी फार तास राहिली, त्यांच्यात हट्टीपणा आणि दांडगाई किंचित अधिक आढळली. आणि या सर्वांहून मोठा प्रभाव निघाला तो घराचाच. ही मुले अमेरिकेतली, आपली घरे निराळी, हे खरे. तरी एवढा बोध आपल्यालाही घेता येतो की पाळणाघर आपोआप मुलाला बिघडवत नाही आणि आपोआप घडवतही नाही.

म्हणून मला वाटते, 'घर की पाळणाघर' हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावा आणि असे विचारावे: आई-बाबा नसताना दिवसभर या मुलाचे माणूस कोण? रडू आले तर ते कोणाकडे धावेल? 'मम' म्हणजे भात की पाणी, हे कोणाला कळेल? हे माणूस आजी असेल, घरी येणाऱ्या मावशी असतील, पाळणाघरातल्या बाई असतील. पण ते एक असावे, ओळखीचे असावे आणि आज-उद्या-परवा तेच असावे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी हाच प्रश्न घेऊन आली होती. बँकेत नोकरी, मुलगा सोळा महिन्यांचा, नवऱ्याची फिरती. सासूबाईंचे वय सदुसष्ट, गुडघे धरलेले. "आजी असताना पाळणाघर म्हणजे लोक काय म्हणतील, सर?" असा तिचा पेच. मी म्हटले, "लोकांचं राहू दे. आजींना विचारलंस का?" तिने विचारले नव्हते. कोणीच विचारले नव्हते. आजी सांभाळणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. तिने घरी जाऊन विचारले तेव्हा आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला नातू हवा आहे गं, नोकरी नको." मग त्यांनी मिळून तोडगा काढला. मूल सकाळी नऊ ते दुपारी दोन जवळच्या पाळणाघरात. दोनला शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी त्याला घरी आणून सोडते. झोप आणि दुपारचे खाणे आजीपाशी. आजी दमत नाहीत आणि मुलाचे पाळणाघरातले तासही कमी झाले. सर्वांनाच हे जमेल असे नाही. पण तोडगा निघाला तो आजींना विचारल्यावर, हे विसरू नये.

पाळणाघर पाहायला जाल तेव्हा भिंतीवरचे ससे-हरणे पाहून भुलू नका. मुलांना उचलून कोण घेते ते पाहा. बाई मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला खाली बसतात की वरूनच हाका मारतात? एका बाईंकडे मुले किती? इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक मोठे माणूस असा नियम आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी २०२३ पासून पाचांमागे एक. आपल्याकडे इतके जमेलच असे नाही, पण एकीवर पंधरा तान्ही असतील तर कोणत्याही मायेचा इलाज चालणार नाही. बाई किती दिवसांपासून तेथे आहेत, हेही अवश्य विचारा. दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर मुलाने जीव लावायचा कोणाला? लंगोट कोठे बदलतात, हात धुतात का, पाणी कसले, दाराला कडी आहे का, दुपारभर दूरदर्शन संच लावून ठेवतात का, हे सर्व डोळ्यांनी पाहून घ्या. आणि एक कसोटी मी सर्वांत वर ठेवीन. "वाटेल तेव्हा, न सांगता आलो तर चालेल ना?" असे विचारा. उत्तर देताना चालकबाई घुटमळल्या तर नमस्कार करून परत या.

आजारपणाचाही विचार आधीच करावा. पहिल्या वर्षी मुलाला सर्दी-खोकला, जुलाब, ताप घरच्या मुलापेक्षा जास्त होतात. ही मुले शाळेत जाऊ लागली की सर्दी-पडशाने तुलनेने कमी आजारी पडतात, असेही दिसले आहे. ते काही असो, आजारी मूल पाळणाघरात नेता येत नाही. त्या दिवशी रजा कोण घेणार, हे आधी ठरवून ठेवा. नाहीतर ती रजा दर वेळी आईच्याच नावावर पडते.

जागा पसंत पडली तरी सोमवारी सकाळी मूल देऊन पळून येऊ नका. जर्मनीत 'बर्लिन पद्धत' म्हणून एक रीत प्रचलित आहे. तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तेथेच थोडा वेळ बसतात. सोडून जाण्याचा प्रयत्नच करीत नाहीत. चौथ्या दिवशी प्रथम सांगून, निरोप घेऊन, फार तर अर्धा तास बाहेर जातात. मूल रडल्यावर बाईंकडून शांत होते की नाही, यावर पुढचे बेत ठरतात. आपल्याकडे याच्या उलट शहाणपण चालते. "त्याला खेळण्यात गुंतवा आणि हळूच सटका!" तसे केले की मूल त्या वेळी रडत नाही हे खरे, पण पुढे तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी ते पदर सोडीत नाही. 'येते हं, दूध प्यायच्या वेळी येते' असे सांगून निघावे आणि त्या वेळेला यावे. निघताना ते रडले म्हणून घाबरू नये. रडे किती वेळ टिकते आणि कोणाच्या खांद्यावर थांबते, ते बाईंना विचारावे.

महिनाभराने मात्र शांतपणे हिशेब मांडावा. मूल खाते का, झोपते का, बाईंना पाहून हात पुढे करते का? तसे असेल तर निर्धास्त राहा. उलट ते सुकत चालले असेल, पूर्वी बोलत होते ते शब्द बोलेनासे झाले असेल, बाईंना पाहून अंग चोरीत असेल, अंगावर कारण न सांगता येणारे वळ दिसले, तर 'सवय होईल' म्हणत बसू नका. त्याच दिवशी थांबवा आणि चौकशी करा. फी भरली आहे म्हणून मूल ठेवायचे नसते.

शेवटी कायद्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. १९४८ चा कायदा कामावरच्या स्त्रिया मोजत होता. नवा कायदा पुरुषही मोजतो. मूल बापाचेही आहे, हे कायद्याला एवढ्यापुरते पटले म्हणायचे! दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मात्र त्याने आईलाच दिली आहे.

घरात तरी आपण त्याच्यापुढे जावे. पाळणाघर पाहायला दोघांनी जावे, आजी-आजोबांना विचारावे, रजा वाटून घ्याव्यात. मूल पाळणाघरात ठेवलेच तर त्याचा दोष आईच्या माथी मारू नये, आणि घरी ठेवले तर तिच्या सुटलेल्या नोकरीचा विसर पडू देऊ नये. एवढे ठरवून मग कोणत्याही बाजूने निर्णय घ्या. आणि संध्याकाळी मूल घरी आले की निदान अर्धा तास, चहा गार झाला तरी चालेल, त्याच्याजवळ जमिनीवर बसा.