थायरॉइड मंदावला, मग आयोडीन तपासावे का?

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला आढळला की औषधाच्या चिठ्ठीबरोबर सल्ल्यांचाही ओघ सुरू होतो. ‘आयोडीन कमी पडत असेल, आधी ते तपासून घ्या,’ हा त्यांतला नेहमीचा सल्ला. तो वरवर तर्कशुद्धही वाटतो. थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, आयोडीनपासूनच आपली संप्रेरके तयार करते. टी-४च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३मध्ये तीन. तेव्हा ग्रंथीचे काम मंदावले म्हणजे कच्चा माल संपला असेल, असे कोणालाही वाटावे. परंतु चूल पेटत नाही याचे कारण दरवेळी सरपण संपले हेच नसते; कधी चूलच खचलेली असते. हा फरक न ओळखता केलेली तपासणी आणि तिच्यापाठोपाठ घेतलेल्या गोळ्या उतारवयात महागात पडू शकतात.

कारण बहुधा वेगळे असते

एके काळी आपल्या देशात आयोडीनची कमतरता हा मोठाच प्रश्न होता. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंड घरोघरी दिसे. १९५६ मध्ये कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित साधे मीठ विकण्यावर देशभर बंदी आली.

म्हणून आज आयोडीनयुक्त मीठ नियमित वापरणाऱ्या घरात थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत सामान्य कारण निराळे आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ती हळूहळू निकामी होत जाते. १९१२ मध्ये जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. रक्तातील अँटी-टीपीओ प्रतिपिंडांच्या तपासणीने त्याचा माग लागतो. ग्रंथीवरील शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचे उपचार, लिथियमसारखी औषधे ही इतर कारणे. यांपैकी कोणत्याही कारणाने दुबळी झालेली ग्रंथी केवळ आयोडीन दिल्याने पूर्ववत होत नाही.

तपासण्या किती विश्वासार्ह?

शरीरात गेलेल्या आयोडीनपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून लघवीतील आयोडीन मोजणे ही सर्वमान्य पद्धत होय. पण ती मुख्यतः लोकसमूहासाठी आहे. एखाद्या भागातील अनेक नमुन्यांचा मध्यांक लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असेल, तर तेथील प्रौढांना आयोडीन पुरेसे मिळते असे मानतात. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून मात्र असा निष्कर्ष काढता येत नाही. काल मासे खाल्ले तर आकडा वाढेल. एकादशीला सैंधवावर उपवास केला तर उतरेल. पाणी जास्त प्यायले तरीही उतरेल. एका व्यक्तीचा थोडाफार भरवशाचा अंदाज बांधायचा तर वेगवेगळ्या दिवशी दहाएक नमुने घ्यावे लागतात.

त्वचेवर टिंक्चर आयोडीनचा ठिपका लावून तो किती वेळात पुसट होतो हे पाहण्याचा एक घरगुती प्रकार आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. आयोडीन हवेत उडून जाते. त्वचेचा कोरडेपणा आणि हवामान यांनुसार ठिपका लवकर वा उशिरा मावळतो. आयोडीनची मोठी मात्रा पोटात देऊन नंतर लघवी तपासण्याचा दुसरा प्रकार तर टाळावाच. त्यात बहुधा ५० मिलिग्रॅम आयोडीन देतात. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे ही मात्रा तिच्या तीनशे पटींहून अधिक झाली.

अतिरेकही घातक

आयोडीन फार झाले तर ग्रंथी काही काळ संप्रेरकनिर्मितीच थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ मध्ये प्रयोगांतून दाखवले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. हाशिमोतोच्या विकाराने जर्जर झालेली ग्रंथी सावरेलच असे नाही. उलट, उतारवयात ज्यांच्या ग्रंथीत जुन्या गाठी असतात, त्यांच्यात आयोडीनचा मारा झाल्यास संप्रेरके अकस्मात वाढून छातीत धडधड, हृदयाची लय बिघडणे असे त्रास उद्भवू शकतात. समुद्रशेवाळाच्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. सीटी स्कॅन वा अँजिओग्राफीच्या वेळी टोचल्या जाणाऱ्या द्रवातही ते भरपूर असते. आपल्या रुग्णाच्या बाबतीत यांपैकी काही घडले असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मात्र अमिओडॅरोन स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मग आपण काय करावे?

प्रथम टीएसएच आणि फ्री टी-४ या तपासण्या पाहाव्यात. आवश्यक तेथे डॉक्टर अँटी-टीपीओ सुचवतील. टीएसएच वयोमानानुसार किंचित वाढू शकतो, त्यामुळे किरकोळ वाढ असल्यास तपासणी पुन्हा करून मगच औषधाचा निर्णय घेतला जातो. बायोटिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर त्या किमान दोन दिवस आधी थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांमुळे काही तपासण्यांचे आकडे फसवे येतात.

आयोडीनचा विचार कधी करावा? घरात वर्षानुवर्षे केवळ सैंधव वा खडे मीठ वापरात असेल आणि आहारात दूध, अंडी, मासेही नसतील, तर ही गोष्ट डॉक्टरांपुढे जरूर मांडावी. येथे आहाराची नीट चौकशी एका नमुन्याच्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जाते. उपायही सोपा आहे: तेवढेच मीठ, पण आयोडीनयुक्त. ते झाकणाच्या डब्यात, उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवावे. आयोडीन मिळावे म्हणून जास्त मीठ खाणे मात्र सर्वथा अयोग्य; दिवसाला ५ ग्रॅमांची मर्यादा रक्तदाबाच्या रुग्णांनी तर कटाक्षाने पाळावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, विसरभोळेपणा ही लक्षणे ‘वयच झाले’ म्हणून सोडून दिली जातात आणि निदान लांबते. निदान झाल्यावर थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर द्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नको आणि कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांनंतरच. हृदयविकार असलेल्या वृद्धांना डॉक्टर अल्प मात्रेने सुरुवात करतात. सुधारणा मंद वाटली तरी मात्रा परस्पर वाढवू नये. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. आणि कोणी आयोडीनच्या भरवशावर ही गोळी थांबवण्यास सुचवले, तर तो सल्ला नम्रपणे बाजूला ठेवावा. खचलेल्या चुलीत आणखी सरपण कोंबल्याने घरात धूरच होतो.