दहा फुटांची काठी

गेल्या श्रावणात अमरावतीहून सुटलेल्या एका एस.टी. गाडीत माझ्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली कसलीशी वाटोळी, जड वस्तू होती. रस्ता खड्ड्यांचा, गाडी आदळली की सारे उतारू समोरचा दांडा धरीत, ही मुलगी मात्र दोन्ही हातांनी ते गाठोडे उचलून धरी आणि स्वतः खुशाल आपटून घेई. न राहवून मी विचारले, तेव्हा धडप्याचे एक टोक बाजूस सारून तिने गजाचे एक कडे दाखविले. "नेटबॉलची रिंग आहे. वाकली तर मॅडम चढवू देत नाही." तिच्या स्वरात भीती नव्हती, देवाचे टाक सांभाळून नेणाऱ्या माणसाच्या स्वरात असावी तशी जोखमीची जाणीव होती. ती जाणीव तिला कोणी दिली हे पाहावे म्हणून मी तिच्या जिल्ह्याच्या गावी गेलो, आणि श्रावणात एकदा जाऊन यायचे ते पौष उजाडेपर्यंत जात राहिलो.

नेटबॉलच्या जिल्हा संघटनेला स्वतःची कचेरी नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेमागील अडगळीच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात दप्तर, आणि खालच्या दोन कप्प्यांत चेंडू, पंप, शिट्ट्या, छातीवर अक्षरे शिवलेली चौदा बिब आणि फक्कीचा डबा. ते कपाट उघडताच रबर, गंजाचे लोखंड आणि कोरडी फक्की यांचा जो एक मिश्र वास अंगावर येतो, तो आता मला कोणत्याही शाळेच्या ओसरीवर ओळखता येईल. संघटनेच्या चिटणीस या सेवानिवृत्त क्रीडाशिक्षिका आहेत. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांनी अमरावतीच्या, १९१४ साली स्थापन झालेल्या, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतली. गावात त्यांना सगळे 'मॅडम' म्हणतात. मी मात्र त्यांना चिटणीसबाई म्हणतो, कारण पत्रव्यवहार, नोंदी, याद्या, जमाखर्च आणि त्यांची रुजवात हे चिटणिशीचे अस्सल काम करणारी व्यक्ती मला पुष्कळ दिवसांनी भेटली.

हंगामाचा क्रम थोडक्यात सांगता येतो. पावसाळ्याच्या आरंभी शाळांना पत्रे, मग प्रवेशिका, मग भाग्यपत्रिका; शासनाच्या क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या, त्यांत संघटनेने पंच पुरवायचे; जिल्ह्यातून विभागात आणि राज्याच्या ८ विभागांतून राज्य स्पर्धेत; याच्या जोडीला संघटनेची स्वतःची जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, निवड चाचणी, सराव शिबिर आणि शेवटी राज्य अजिंक्यपदासाठी बारा जणींचा संघ. मुलांचेही संघ आहेत. पण मी जे पाहिले ते मुख्यतः मुलींचे.

हा खेळ आमच्याकडे अपरिचित असला तरी नवा नाही. अमेरिकेत १८९१ साली जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल निर्माण केला, तो इंग्लंडात गेला, आणि तेथे मादाम ओस्टरबर्ग यांच्या स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात घोळदार झग्यांना आणि तत्कालीन मर्यादांना सांभाळीत त्याचे रूप पालटत गेले. १९०१ मध्ये त्याचे नियम छापले गेले. पुढे १९६० साली कोलंबोत आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन होऊन निरनिराळ्या देशांचे नियम एक झाले, १९६३ साली इंग्लंडात ईस्टबोर्न येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९८ पासून राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळाले आणि २०१० मध्ये दिल्लीत भारतीय मुलीही त्या मैदानावर उतरल्या. सात जणींचा संघ. चेंडू जमिनीवर आपटीत नेता येत नाही, हाती आल्यावर तीन सेकंदांत टाकावा लागतो. गोल करण्याचा अधिकार सातांपैकी दोघींनाच, आणि तोही अर्धवर्तुळाच्या आतूनच. रिंगेमागे बास्केटबॉलसारखी फळी नसते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण चिटणीसबाईंच्या साऱ्या कारभाराचे मर्म तिच्यात आहे.

त्या कपाटाच्या मागे, भिंतीला टेकवून, एक बांबूची काठी उभी असते. नीट तासलेली, तेल पाजलेली, गाठी घासून काढलेली. खालच्या टोकाला पत्र्याची टोपी आणि वर, टोकापासून हातभर खाली, लाल दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे, त्यांवर लाखेचा थर. पत्र्यापासून त्या दोऱ्यापर्यंत दहा फूट. नियमपुस्तकाच्या भाषेत ३.०५ मीटर. सामन्याआधी चिटणीसबाई ही काठी खांबाशी उभी धरतात आणि रिंगेची वरची कड लाल दोऱ्याशी मिळते की नाही ते पाहतात. मेजरिंग टेप त्यांच्या पिशवीत असतो. पण टेप वाऱ्याने हलतो, त्याला दोन माणसे लागतात आणि मुलींना तो दुरून दिसत नाही. "काठी सगळ्यांना दिसते," त्या म्हणाल्या. "दहा फूट म्हणजे दहा फूट. पाहुण्या संघालाही दिसलं पाहिजे."

या काठीमागे एक जुना प्रसंग आहे, आणि तो त्यांनी मला तिसऱ्या भेटीत, बिबांच्या घड्या घालता घालता सांगितला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी एका आडगावच्या शाळेचा संघ तयार केला होता. खांब गावच्याच कारागिराने करून दिले होते; त्यांनी ते मोजले नाहीत. त्यांची एक मुलगी अशी होती की डोळे मिटून टाकला तरी चेंडू जाळीतच पडे. विभागीय स्पर्धेत त्या मुलीचा प्रत्येक चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेला लागून परत येऊ लागला. मागे फळी असती तर एखादा चेंडू तिच्यावर आपटून तरी आत गेला असता. नेटबॉलमध्ये ती सोय नाही. हात ज्या उंचीला सवकला, त्याच उंचीला चेंडू जातो. ती मुलगी आपले हात वळवून वळवून पाहत होती, तेच दृश्य त्यांना आजही दिसते. गावी परतल्यावर त्यांनी खांब मोजला, तो साडेनऊ फूट भरला. "तिला वाटलं, आपण घाबरलो. वर्षभर ती तसंच समजत होती. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, बाळा, तुझा हात नाही चुकला, माझा खांब चुकला. पण तोवर तिनं खेळ सोडला होता." एवढे सांगून त्यांनी घडी केलेले बिब उगाचच पुन्हा उलगडले आणि पुन्हा घडी घातली.

ते ऐकल्यापासून दहा फूट हा आकडा माझ्या कानी निराळ्या रीतीने पडू लागला. जिल्ह्यातल्या ज्या ज्या शाळेत खांब आहेत, तेथे त्या हंगामाच्या आरंभी एस.टी.ने, कधी ओळखीच्या टेंपोने, काठी घेऊन जातात; वेल्डिंगच्या दुकानात उभ्या राहून खांब कापून घेतात. एका दुकानात मी सोबत होतो. कारागीर सज्जन होता, मजुरीही कमीच घेत होता. पण रिंग दोन बोटे खाली बसली होती. "दोन बोटांनं काय होते जी, मॅडम?" त्याने विचारले. त्याला खरोखरच कळत नव्हते, आणि चिटणीसबाईंनीही रागावून नव्हे तर समजावून सांगितले की या दोन बोटांसाठी एखादी पोर शंभर कोस जाऊन रडेल. त्याने काही न बोलता डोळ्यांवर काळी काच ओढली आणि जोड पुन्हा तोडला.

आमची वऱ्हाडची जमीन काळी. पाऊस पडला की ती फुगते, उघडीप झाली की भेगाळते, आणि लोखंडी बैठकीवर उभा केलेला खांब अशा जमिनीत एका अंगाने बोटभर सहज रुततो. म्हणून सकाळी मोजलेला खांब दुपारी पुन्हा मोजायचा, आणि सर येऊन गेली तर तिसऱ्यांदा. भाद्रपदातल्या एका सकाळी मी मैदान आखताना पाहिले: ३०.५ मीटर लांब, १५.२५ मीटर रुंद, मध्ये तीन समान भाग, दोन्ही टोकांना खुंटीला बांधलेल्या सुतळीने काढलेली ४.९ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे. क्रीडाशिक्षक पुढे सुतळी धरून, दोन मुली मागून मुठीतून फक्की सोडीत. आखणी पुरी होते न होते तोच पावसाचा शिंतोडा आला आणि अर्धे मैदान पुसून गेले. कोणी हळहळले नाही. फक्कीचे दुसरे पोते आले. ओल्या काळ्या मातीवर पडणाऱ्या फक्कीचा तो वास, काहीसा नव्या सारवलेल्या भिंतीसारखा, काहीसा शाळेच्या खडूसारखा, मला त्या दिवशी प्रथम भेटला, आणि पुढच्या प्रत्येक खेपेस, गावाच्या फाट्यावर उतरताच, मी नकळत तोच वास शोधू लागे.

दसरा उलटला की हंगामावर दुसरे संकट येते, ते कापसाच्या वेचणीचे. घरात मजुरीची चार माणसे हवी असताना मुलगी चेंडू खेळायला जाते हे आईबापांना कसे परवडावे, आणि त्यांना दोष तरी कोणी द्यावा? चिटणीसबाई देत नाहीत. भाग्यपत्रिका काढतानाच त्या वेचणीचे गाव आणि बाजाराचा वार पाहून सामने लावतात, पहाटे वेचून आलेल्या मुलींना दुपारचा सामना देतात. एस.टी.त भेटलेली ती मुलगी, जी संघाची गोल शूटर निघाली, एका दुपारी अशीच आली. बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी तिची बोटे नखांपाशी ओरबाडलेली होती. चेंडू बोटांच्या टोकांवर तोलण्याचा हा खेळ, आणि तीच टोके सोललेली. चिटणीसबाईंनी तिच्या बोटांना खोबरेल लावले, मग फडक्याने पुसून काढले, मग चेंडूही पुसला. तेलकट हाताने चेंडू निसटतो, आणि कोरड्या हाताने बोट चिरते. या दोहोंमधली जी नेमकी अवस्था आहे तिथवर त्यांनी ते पुसणे आणून थांबविले. नंतरच्या सामन्यात त्या मुलीने किती गोल केले हे माझ्या टिपणात आहे, पण मला आठवते ते हेच.

दप्तराचे काम या मानाने नीरस वाटेल, पण त्यातही तीच काठी उभी आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. त्यामुळे खेळाच्या प्रमाणपत्राला मोल आले आणि मोल आले तशी मागणीही आली. एका संध्याकाळी कोणी गृहस्थ आले. त्यांच्या चिरंजीवांचे नाव संघाच्या यादीत 'फक्त लिहून' घ्यावे, संघटनेला चेंडूंचा संच भेट मिळेल, असे त्यांचे म्हणणे. चिटणीसबाईंनी त्यांना पाणी दिले, हजेरीपट उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारले, "यात कुठल्या तारखेला लिहू?" गृहस्थ निघून गेले. मला वाटते, संघटनेची सगळी इभ्रत त्या हजेरीपटात आहे. आणि ती राखण्याबद्दल कोणी त्यांना मानधन देत नाही, सत्कार करीत नाही, याचा मला तेव्हाही विषाद वाटला आणि आजही वाटतो. जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आधारपत्र, या तिहींतील तारखा त्या बोट ठेवून ताडून पाहतात. एक वर्षाने मोठी मुलगी लहान गटात खेळली तर समोरच्या मुलीचा खांब तेवढा उंच झाला, असे त्या मानतात.

जमाखर्चाची वही मी मागून घेतली. फक्की, नट-बोल्ट, पंचांचा चहा, टेंपोभाडे, झेरॉक्स. प्रत्येक नोंदीस पावती टाचलेली. दरवर्षी अखेरीस खर्च जमेहून थोडा जास्त भरतो आणि दरवर्षी जमेच्या बाजूस 'एका हितचिंतकाकडून' अशी नेमकी तेवढ्याच रकमेची नोंद आहे. त्या नोंदीला पावती नाही. मी वही परत दिली आणि काही विचारले नाही.

पौषात राज्य अजिंक्यपदासाठी संघ निघाला. पहाटे साडेपाचची गाडी, बसस्थानकावर धुके, बारा मुली, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापिका. तेराव्या-चौदाव्या तिकिटानंतर पैसे संपले होते, म्हणून चिटणीसबाई जाणार नव्हत्या. काठीही जाणार नव्हती. एवढी लांब वस्तू त्या प्रवासात कोठे ठेवणार? त्यांनी बिबांची पिशवी व्यवस्थापिकेच्या हाती दिली, बाराही मुलींची ओळखपत्रे पुन्हा मोजली, एकीच्या बुटाची नाडी स्वतः वाकून बांधली. मग पदराच्या गाठीतून सुतळीची एक गुंडी काढून ती त्या गोल शूटर मुलीच्या तळहातावर ठेवली. सुतळीच्या दोन्ही टोकांना लाल दोऱ्याची गाठ होती.

"गेल्या गेल्या आधी मोज," त्या म्हणाल्या. "बरोबर भरलं तर मग बिनधास्त टाक."

गाडी हलली. खिडकीशी बसलेली ती मुलगी सुतळी उलगडून पाहत होती, आणि उलगडलेली पुन्हा बोटांभोवती गुंडाळीत होती.