संयुक्त लष्करी चाचणी प्रकल्पप्रस्ताव

दोन वा अधिक सेनादले, संशोधनसंस्था, उत्पादक किंवा राष्ट्रे यांनी एखादे शस्त्र, वाहन, दारूगोळा वा युद्धकार्यपद्धती एकत्रितपणे पारखून पाहण्यासाठी आगाऊ तयार केलेल्या लेखी योजनेस संयुक्त लष्करी चाचणी प्रकल्पप्रस्ताव म्हणतात. चाचणीचा हेतू, मोजावयाच्या राशी, चाचणीची परिस्थिती, नमुन्यांची संख्या, सहभागी घटकांच्या जबाबदाऱ्या, खर्च, कालक्रम आणि यशापयशाची कसोटी यांचा त्यात अंतर्भाव असतो. एकाच संस्थेच्या चाचणीत यांपैकी पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या तरी चालते. संयुक्त चाचणीत मात्र प्रत्येक घटकाचे हितसंबंध निराळे असतात. अभिकल्पकाला आपला आराखडा योग्य ठरावा असे वाटते, उत्पादकाला मागणी हवी असते, सैन्याला भरवशाचे शस्त्र हवे असते आणि शासनाला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे कशाला यश म्हणावयाचे हे पहिला गोळा उडण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरविणे, हे या प्रस्तावाचे मुख्य कार्य होय.

चाचण्यांचे प्रकार : लष्करी चाचण्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. विकासचाचणीत अभिकल्प तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे की नाही हे संशोधक पाहतात. वापरचाचणीत प्रत्यक्ष सैनिक ते शस्त्र वाळवंटात, डोंगरात, थंडीत व रात्रीच्या वेळी हाताळतात. गुणवत्ताचाचणीत उत्पादित मालाची प्रत मान्य नमुन्याशी जुळते की नाही हे तपासले जाते. संयुक्त प्रस्तावात यांतील कोणत्या चाचणीचा निकाल पुढील चाचणीत ग्राह्य धरावयाचा, हे स्पष्ट करावे लागते. तसे न केल्यास तेच गोळीबार पुन्हा करावे लागून पैसा व वर्षे वाया जातात.

विकास : ओडिशातील बालासोरजवळ चंडीपूर येथे तोफा व दारूगोळा यांच्या चाचणीसाठी १८९५ मध्ये केंद्र स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली, लष्कराच्या तांत्रिक विकाससंस्था व संरक्षणविज्ञान संघटना यांच्या एकत्रीकरणातून संरक्षण संशोधन व विकास संघटना उभी राहिली. शस्त्र तयार करणारी संस्था व ते वापरणारे दल या वेगळ्या यंत्रणा असल्यामुळे त्यांच्यात लेखी समझोता असणे आवश्यक ठरले. अमेरिकेत १९७२ मध्ये संयुक्त चाचणी व मूल्यमापनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यात नव्या शस्त्राच्या खरेदीपेक्षा भूदल, नौदल व वायुदल एकत्र लढताना उद्भवणाऱ्या अडचणींवर भर होता. अशा अडचणीचे निवेदन आधी सादर करावयाचे, ती चाचणीने सुटण्याजोगी आहे की नाही याचा अभ्यास करावयाचा आणि मगच पूर्ण चाचणीस मान्यता द्यावयाची, अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची रीत आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीत सैन्याच्या गरजा मोजता येतील अशा शब्दांत मांडणे अपेक्षित आहे. अत्यावश्यक गुणांचे तीत दोन वर्ग केले आहेत : उपलब्ध शस्त्रांत सामान्यतः आढळणारे व म्हणून मैदानी चाचणीतच तपासावयाचे गुण, आणि करारानंतर विकसित करून दाखवावयाचे गुण. यांखेरीज अधिक क्षमतेबद्दल वेगळे श्रेय देण्याचीही तरतूद आहे.

प्रस्तावाची रचना : प्रस्तावाचा आरंभ समस्येच्या विधानाने होतो. ‘तोफ लांब पल्ल्याची असावी’ हे विधान चाचणीच्या उपयोगाचे नाही. कोणता गोळा, दारूचा कोणता भार, किती उंचीवरील प्रदेश व किती तापमान असताना किती पल्ला, आणि त्या पल्ल्यावर गोळ्यांचा विखुरलेपणा किती, असे प्रश्न त्यातून काढावे लागतात. दारूचे तापमान वाढले की नळीतील दाब व गोळ्याचा आरंभवेग वाढतो. म्हणून चाचणीपूर्वी दारूचे भार ठराविक तापमानात काही काळ ठेवले जातात. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने गोळा अधिक दूर जातो, पण ओढगाडीच्या एंजिनाची शक्ती घटते. साहजिकच वाळवंटातील चाचणीवरून डोंगरातील निष्कर्ष काढता येत नाहीत, व दोन्ही ठिकाणांचा खर्च प्रस्तावात धरावा लागतो.

यानंतर मोजमापाची साधने येतात. आरंभवेगासाठी रडार, नळीतील दाबासाठी दाबमापके, गोळा पडण्याचे स्थान ठरविण्यासाठी निरीक्षणठाणी आणि हवामानाच्या नोंदीसाठी फुगे यांची तरतूद केली जाते. प्रत्येक नळीतून आतापर्यंत किती गोळे, कोणत्या भाराने गेले याची नोंदवहीही असावी लागते, कारण झिजलेल्या नळीचा आरंभवेग कमी होतो. शेवटी सुरक्षाक्षेत्र, अग्निशमन व वैद्यकीय व्यवस्था, चाचणी थांबविण्याचा अधिकार कोणाचा, गोळा केलेली माहिती कोणाच्या ताब्यात राहील आणि अपघात झाल्यास चौकशी कोण करील, ही कलमे असतात. प्रस्ताव तयार करताना ही शेवटची कलमे बहुधा घाईने उरकली जातात, आणि वाद बहुधा त्यांवरच होतात.

नमुनासंख्या : किती गोळे उडवावयाचे हा प्रस्तावातील सर्वांत खर्चिक प्रश्न असून त्याचे उत्तर संख्याशास्त्र देते. २९ गोळे उडविले व एकदाही बिघाड झाला नाही, तर बिघाडाचे प्रमाण दर शंभरांत १० पेक्षा कमी आहे एवढेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. ते प्रमाण शंभरांत एकापेक्षा कमी आहे असे म्हणण्यासाठी २९९ गोळे निर्दोष उडावे लागतात, आणि हजारांत एकापेक्षा कमी म्हणण्यासाठी सु. ३,०००. नळी फुटण्यासारखी घटना हजारांत एकदा घडली तरी ती तोफेवरील सैनिकांच्या जीवावर बेतते. म्हणजे ज्या दोषाची सर्वांत अधिक भीती, तोच केवळ गोळीबाराने सिद्ध वा असिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चांगल्या प्रस्तावात गोळीबाराच्या जोडीला पोलादाच्या नमुन्यांची ताणचाचणी, श्राव्यातीत ध्वनीने अंतर्गत भेगांचा शोध, नळीच्या आतील पृष्ठाची वेळोवेळी पाहणी आणि दारूगोळ्याच्या प्रत्येक गटाची स्वतंत्र तपासणी यांचा समावेश केलेला असतो. खर्च कमी करण्यासाठी गोळ्यांची संख्या घटविल्यास निष्कर्षाचा विश्वास किती घटला, हेही प्रस्तावात आकड्याने नमूद करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील उदाहरण : १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. त्यानंतर सु. तीन दशके भारताने १५५ मिमी. व्यासाची नवी तोफ परदेशातून घेतली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१३ मध्ये प्रगत ओढतोफ प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचे नेतृत्व पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेकडे होते. भारत फोर्ज व टाटा समूहातील कंपनी असे दोन खाजगी उत्पादक त्यात विकासभागीदार म्हणून सहभागी झाले. एकच अभिकल्प दोन उत्पादकांनी घडविल्यामुळे चाचणीत एक विशेष प्रश्न निर्माण होतो : आढळलेला दोष अभिकल्पाचा की घडणीचा? दोन्ही नमुन्यांना सारखाच दारूगोळा, सारखीच परिस्थिती व सारखीच मापनसाधने दिली तरच त्याचे उत्तर मिळते. ती समानता प्रस्तावातच निश्चित करावी लागते.

या तोफेच्या दारूकक्षाचे आकारमान २५ लिटर आहे. नाटो गटातील काही राष्ट्रांनी ५२ व्यास लांबीच्या १५५ मिमी. तोफांसाठी परस्पर समझोत्याने २३ लिटरचे प्रमाण स्वीकारले आहे. तो समझोताही संयुक्त चाचणीच्या विचाराचेच फळ होय, कारण समान कक्षामुळे एका राष्ट्राचा दारूगोळा दुसऱ्याच्या तोफेत वापरता येतो. मोठ्या कक्षामुळे भारतीय तोफेचा पल्ला वाढला. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरण येथे तिने सु. ४८ किमी. पल्ला गाठला. मात्र तोफेचे वजनही सैन्याच्या अपेक्षेहून अधिक झाले. पल्ला व वजन हे परस्परविरोधी गुण असल्याने, कोणत्या गुणासाठी कोणत्या गुणाची किती सवलत द्यावयाची, हा निर्णय चाचणीच्या मैदानावर घेता येत नाही. तो आधीच घ्यावा लागतो. एप्रिल–मे २०२२ मध्ये पोखरण येथे अंतिम वापरचाचण्या पूर्ण झाल्या. २६ मार्च २०२५ रोजी दोन्ही उत्पादकांशी ३०७ तोफा व त्यांच्या ओढगाड्या यांसाठी सु. ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. प्रकल्पाच्या आरंभापासून करारापर्यंत सु. बारा वर्षे गेली.

अपघात व जबाबदारी : सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरण येथे अमेरिकेकडून घेतलेल्या एम-७७७ या हलक्या तोफेची नळी चाचणीच्या वेळी निकामी झाली. भारतीय दारूगोळ्यासाठी पल्ल्याची कोष्टके तयार करण्याच्या हेतूने ती चाचणी चालली होती. तोफ एका राष्ट्राची व गोळा दुसऱ्याचा असल्याने दोष कोणाचा हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि संयुक्त चौकशी करावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच क्षेत्रात प्रगत ओढतोफेची नळी चाचणीच्या वेळी फुटून काही कर्मचारी जखमी झाले. चौकशीमुळे चाचण्या लांबल्या, पण त्या सोडून दिल्या गेल्या नाहीत. चाचणीतील अपयश हे चाचणीचे अपयश नव्हे. युद्धात उघडकीस आला असता असा दोष आधी कळणे हाच चाचणीचा हेतू असतो. हे तत्त्व सर्वमान्य असले, तरी प्रस्तावात चौकशीची पद्धत, फुटलेल्या भागांचा ताबा आणि पुनर्चाचणीच्या अटी लिहिलेल्या नसल्या, तर प्रत्येक घटक स्वतःच्या बचावाकडे वळतो व दोषाचे मूळ दूर राहते.

सातारा व सांगली जिल्हे : या दोन जिल्ह्यांचा विषयाशी दुहेरी संबंध आहे. सैन्यभरतीची परंपरा त्यांत जुनी असून साताऱ्याजवळील अपशिंगे हे सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून आहे. चाचणीची सदोष अट कागदावर राहत नाही, ती अखेर अशाच गावांतील सैनिकांपर्यंत पोहोचते. दुसरा संबंध कारखानदारीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात, सांप्रतच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली व तेथे यंत्रनिर्मितीची परंपरा रुजली. मूळच्या कराड परिसरातील कल्याणी कुटुंबातील नीळकंठ कल्याणी यांनी १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना केली. तिचा मुख्य कारखाना पुण्यात असून साताऱ्याजवळही एक कारखाना आहे. या पट्ट्यातील लहान ओतशाळा व यंत्रशाळा यांना लष्करी सुट्या भागांचे काम घ्यावयाचे असल्यास कौशल्याइतकीच चाचणीची सोय महत्त्वाची ठरते. प्रत्येक ओतकामाचा क्रमांक, धातूचे रासायनिक विश्लेषण व ताणपट्टीचा निकाल अखेरच्या भागापर्यंत मागे शोधता आला पाहिजे. एकट्या लहान कारखान्याला अशी प्रयोगशाळा परवडत नाही.

ही अडचण लक्षात घेऊन संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये ४०० कोटी रुपयांची संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजना जाहीर केली. सहा ते आठ चाचणीकेंद्रे उभारणे हे तिचे उद्दिष्ट होते. प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान आणि उरलेला भाग खाजगी कंपन्या व राज्य शासने यांनी मिळून स्थापन केलेल्या स्वतंत्र कंपनीने उभारावयाचा, अशी तिची रचना होती. उत्तर प्रदेश व तमिळनाडू येथील संरक्षण औद्योगिक पट्ट्यांवर तिचा मुख्य भर होता. अशा केंद्राचा प्रस्ताव करताना यंत्रसामग्रीच्या यादीपेक्षा वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. वर्षभरात किती नमुने येतील, चाचणीशुल्कातून केंद्राचा चालू खर्च भागेल काय, भागीदार कंपनीच्या स्वतःच्या मालाची चाचणी तेथे निःपक्षपातीपणे कशी होईल आणि त्या निकालाला गुणवत्ता-यंत्रणेची मान्यता मिळेल काय, हे ते प्रश्न होत.

मर्यादा : कितीही काळजीपूर्वक तयार केलेला प्रस्ताव युद्धाची परिस्थिती पूर्णपणे उभी करू शकत नाही. शत्रूचा मारा, थकवा, पुरवठ्यातील खंड व अपुरी झोप यांचे परिणाम मर्यादित प्रमाणातच अजमावता येतात. गुप्ततेमुळे निष्कर्षांवर खुली चर्चाही होत नाही. म्हणून चाचणीत काय तपासले याबरोबरच काय तपासले नाही याची स्पष्ट नोंद ठेवणे प्रस्तावकर्त्याचे कर्तव्य समजले जाते. ती नोंद असली, तर शस्त्र सेवेत दाखल झाल्यावर सैन्याने कोणत्या बाबतीत सावध राहावयाचे हे त्याला आधीच ठाऊक असते.