शेरूला कुणाकडे ठेवायचं?

दिवाळीची सुट्टी लागायच्या आठवड्यात शहाद्यातले आम्ही शिक्षक एकमेकांना एकच प्रश्न विचारत असतो, "तुम्ही कधी निघताय?" वरवर ही साधी चौकशी वाटते. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात हिशेब चालू असतो. हे आपल्या आधी निघतायत की नंतर, मागे कोण राहतंय, किल्ली कुणाकडे द्यायची? आमच्या कॉलनीत बहुतेक जण नोकरीमुळे आलेले. कुणी नाशिककडचा, कुणी बीडचा, कुणी साक्रीचा. सुट्टी सगळ्यांना एकदमच लागते आणि सगळे आपापल्या गावी पळतात. ज्यांच्या भरवशावर घर सोडायचं, ते आपल्या आधीच एसटीत जाऊन बसलेले असतात.

माझ्याकडे शेरू आहे. धडगाव तालुक्यात नोकरीला होते तेव्हा शाळेच्या ओट्यावर आलेलं पिल्लू, माझ्या बदलीबरोबर शहाद्याला आलं. गावठी, पिवळसर, एक कान पडलेला. शिवाय एक मांजरी आहे. ती आमची नाही असं आम्ही सगळ्यांना सांगतो आणि ती रोज आमच्याकडेच जेवते. मागच्या अंगणात तुळस, कढीपत्ता, पपई. हा संसार कुणाच्या तरी हवाली करायचा आणि पुण्याला मुलीकडे जायचं, एवढंच काम. पण तिकीट काढण्याआधी माणूस शोधावा लागतो, आणि माणूस तिकिटापेक्षा अवघड.

मुलगी म्हणते, शेरूला घेऊनच या. रेल्वेचा नियम स्पष्ट आहे. फर्स्ट एसीतला अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा आपल्याजवळ बसू शकतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. स्लीपर, थ्री-टियर, टू-टियरमध्ये त्याला मज्जाव. शहाद्याला तर रेल्वेच नाही, आधी नंदुरबार गाठायचं. आणि सुरत-भुसावळ मार्गावर शिक्षकाच्या पगारातून कुत्र्यासाठी कूपे घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांना ठेवून घेणारी ठिकाणं आहेत. लसीकरणाचं कार्ड दाखवायचं, दिवसाचे पैसे भरायचे, त्याचं अंथरूण द्यायचं. संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ येतो. आम्हाला जवळची मोठी शहरं म्हणजे सुरत आणि नाशिक. कुत्र्याला सोडायला सुरतेला, तिथून पुण्याला, येताना परत सुरतेला. यातच सुट्टी संपायची.

बंद घराची सोय त्यामानाने सोपी. गावाला जाताना पोलीस ठाण्यात कळवून जा, दागिने घरात ठेवू नका, असं पोलीस दर सुट्टीत सांगतात. आंध्र प्रदेश पोलिसांनी तर बंद घरांवर कॅमेऱ्याने नजर ठेवण्याची व्यवस्था उभी केली आहे. पण पोलीस शेरूला भाकर टाकणार नाहीत, आणि कॅमेरा मांजरीला दूध देणार नाही.

कुत्र्याला अंगणात बांधून, समोर भाकरींचा ढीग आणि पाण्याची बादली ठेवून निघून जाणारे लोकही आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्नपाणी आणि निवारा न देणं, ते उपाशी राहील अशा अवस्थेत त्याला टाकून जाणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. आमच्याकडे मात्र कायद्याच्या आधी बिबट्या येतो. शहादा-तळोद्याच्या उसात त्याचा मुक्काम असतो, आणि दिवाळीनंतर तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा कमी कमी होत जातो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्यातला सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. गावाच्या कडेच्या बंद घरापुढे साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट.

म्हणून माणूस लागतोच. पूर्वी खानदेशातल्या बऱ्या शेतकऱ्याकडे तो माणूस असायचाच. सालदार. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्याचं साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीला संपायचं. तो खळ्यात झोपायचा, बैलांना चारा टाकायचा, म्हशीचं शेण काढायचा, कुत्र्याला भाकर टाकायचा. मालक कुटुंबासह सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेला चालत गेला तरी वाड्याला कुलूप लागत नसे. जुनी माणसं हे सांगताना "अगदी घरच्यासारखा होता" असं म्हणतात. मला ते ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं. तो इथं घरच्यासारखा राहत होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या घराकडे कोण बघत होतं, हे त्या गोष्टीत कधी येत नाही.

आता सालदार मिळत नाही, अशी तक्रार दर आखाजीला ऐकू येते. मिळणार कसा? दसरा-दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांतून ट्रक भरून माणसं बारडोली, मढी, व्यारा या बाजूच्या उसावर जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यात, घरातलं धान्य संपतं तेव्हाच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ पडाव पडतो आणि उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम तिथंच. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या या तोडणी मजुरांवर दीर्घ काळ लिहिलं आहे. त्यांच्या १९९० सालच्या एका लेखाच्या शीर्षकाचा आशय असा, की यांच्यापेक्षा कुत्रीही बरी राहतात. शेरूच्या सोयीसाठी मी दहा ठिकाणी फोन फिरवत असते तेव्हा ते शीर्षक मला आठवतं आणि फोन खाली ठेवावासा वाटतो.

महिनोन्‌महिने घर सोडणारे हे लोक स्वतःच्या घरादाराचं आणि जनावरांचं काय करतात, हे मी धडगावला असताना जवळून पाहिलं, तेही हजेरीपटामुळे. दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. कोण कुठे गेलं याची नोंद करायला पाड्यावर फिरावं लागे. काही पोरं आईबापाबरोबर ट्रकमधून गेलेली. काही मागे राहिलेली, पण शाळेत नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "घर राखायला राहिलाय." नऊ-दहा वर्षांचा मुलगा, सोबत आजी, चार शेळ्या, कोंबड्या आणि एक कुत्रा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिथं दोन्ही वेळचं जेवण मिळतं आणि पोरगं शाळेत टिकतं. पण वसतिगृहात शेळी घेऊन जाता येत नाही. पोरगं गेलं तर शेळ्यांमागे डोंगरावर कोण चढणार? आजीचे गुडघे गेलेले.

सातपुड्यातली घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपल्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, आत धान्याची कणगी, दाराला बांबूची ताटी. कुलूप लावण्यासारखं दार फार थोड्या घरांना. पण घर निराधार सोडलेलं नसतं. बैलजोडी जाते भावाकडे किंवा मेहुण्याकडे. तो चारा घालतो, बदल्यात तिच्यावर आपली कामं उरकतो. शेळी दिली तर होणाऱ्या करडांत निम्मा वाटा सांभाळणाऱ्याचा. कोंबडीचंही तसंच, तिची पिलं दोघांत. मानमोडीची साथ आली आणि कोंबड्या मेल्या तर कुणी कुणाकडे भरपाई मागत नाही, दोघांचंही नुकसान झालेलं असतं. कुत्रा बहुतेक घरापाशीच राहतो आणि जिथे चूल पेटलेली दिसेल तिथे जेवतो.

यात पैसा हातातून हातात जात नाही, आणि फुकटही काही होत नाही. या वर्षी मेहुण्याने बैल सांभाळले, तर पुढच्या वर्षी तो उसाला जाईल तेव्हा त्याचं घर याने बघायचं. अशी देवघेव घरात लग्न होऊन आलेल्या बाईइतकी जुनी असते, कधी त्याहून जुनी. आमच्या कॉलनीचं घोडं इथंच पेंड खातं. आम्ही माणूस शोधायला लागतो तो तिकीट हातात आल्यावर. वर्षभर ज्याच्याशी गेटवरून मान हलवण्यापलीकडे संबंध नाही त्याला एकदम किल्ली द्यायला जातो, आणि तो कचरला की माणुसकी उरली नाही म्हणून हळहळतो. माझ्या मते सुट्टीच्या तोंडावर राखण करणारा न मिळण्याचं कारण माणसांचा तुटवडा हे नाहीच. त्याच्याकडे आपलं काही येणं निघत नाही आणि आपल्याकडेही त्याचं नाही, हे खरं कारण आहे.

हीच अडचण जगात इतरत्रही आहे, आणि तिथं कुणीतरी तिचा धंदा केला आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली ट्रस्टेडहाउससिटर्स नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हायचं. एकाला सुट्टीवर जायचं असतं, दुसऱ्याला फुकट राहायला जागा हवी असते. दुसरा येऊन पहिल्याच्या घरात राहतो आणि त्याचं मांजर सांभाळतो. दोघांत पैशाचा व्यवहार नसतो. पाड्यावर सोयरीक जे काम करते ते तिथं आधीच्या यजमानांनी लिहून ठेवलेले शेरे करतात. शहाद्यात हे कितपत चालेल याची मला शंका आहे. आमच्याकडे रिकाम्या घरात अनोळखी जोडपं आठवडाभर राहिलं तर तिसऱ्या दिवशी सगळी कॉलनी त्यांच्या गोत्रापर्यंत पोहोचलेली असेल.

माझी सोय झाली ती समोरच्या अर्धवट बंगल्यामुळे. खरं तर आपल्या छोट्या शहरांत सगळ्यात पक्के राखणदार बांधकामावर राहणारे हेच लोक. धडगावकडचं एक जोडपं तिथं बांधकामावर पाणी मारायचं, सिमेंट-सळई राखायचं आणि खालच्या बिनदाराच्या खोलीत राहायचं. मुलगी शाळेत आहे म्हणून ती दोघं गुजरातला जात नाहीत. मुलीच्या जातीच्या दाखल्याचे कागद मी जुळवून दिले, संध्याकाळी ती माझ्याकडे गणितं घेऊन बसायची, त्यांचे मोबाइल आमच्या ओट्यावर चार्ज व्हायचे. मी गावाला जायचा विषय काढला तेव्हा ती बाईच म्हणाली, "मॅडम, शेरू तसाही दुपारी आमच्याकडेच झोपतो." मी पैसेही देते. सुरुवातीला तिने घेतले नाहीत, मग मुलीच्या वह्यांसाठी म्हणून घेतले.

तरी एका दिवसात ही व्यवस्था लागत नाही. मागच्या गल्लीतल्या एका काकूंकडे म्हैस आहे. त्यांना लग्नाला जायचं असलं की दूध काढणारा पुतण्या आधीपासूनच सकाळ-संध्याकाळ येऊन आंबोण घालायला लागतो. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. ओळखीचा आवाज, ओळखीचा स्पर्श असला की तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं. ती बिचकली की ते थांबतं. कुत्र्याच्या दुधाचा प्रश्न नाही, पण परकं माणूस घरात हिंडताना दिसलं की तोही खाणं सोडतो किंवा चावतो. म्हणून निघण्याच्या आधी काही दिवस शेरूचं जेवण त्या बाईच्या हातानेच सुरू करते. रेबीजची लस वेळेवर टोचून घेते. त्याच्याजवळ लहान मुलगी असते, तिथं हयगय नको. गुरांच्या डॉक्टरांचा नंबर, गॅसचा कॉक, टाकीचा व्हॉल्व्ह हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. वाचायचं काम मुलीचं. मांजरीला कुठेही हलवत नाही. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. दुसऱ्या घरी नेलं तर ते तिथून निघतं आणि मधेच कुठेतरी हरवतं.

आणि होळीला माझी पाळी येते. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळी यांसाठी डोंगरातला माणूस जिथं असेल तिथून गावी येतो, उसाच्या फडावरूनही. आमची सुट्टी घर सोडून जाण्याची, त्यांची घरी परतण्याची. माझी ही समोरची शेजारीणही जाते. जाताना तिच्या कोंबड्या आणि एक शेळी माझ्या अंगणात सोडून जाते. पहिल्याच होळीला त्या शेळीने माझा कढीपत्ता बुडापर्यंत खाल्ला. मागच्या गल्लीतल्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "मॅडम, तुम्ही शाळामा जा बिनघोर, मी शे ना आठे," म्हणाल्या आणि शेळीला ओढून आपल्या म्हशीशेजारी बांधून आल्या. त्यामुळे आता त्या लग्नाला जातात तेव्हा त्यांची तुळस माझ्याकडे असते. म्हैस मात्र पुतण्याकडेच.

या वर्षी समोरचा बंगला पूर्ण झाला. मालकांची वास्तुशांत झाली, आणि ते जोडपं प्रकाशा रस्त्यावरच्या दुसऱ्या बांधकामावर गेलं. तिथून रोज येणं शक्य नाही. म्हणून दिवाळीत शेरूनेच तिकडे मुक्कामाला जायचं असं ठरलंय. परवा त्याला रिक्षातून जागा दाखवून आणली. वाळूच्या ढिगावर तो लगेच आडवा झाला, फक्त शेळी जवळ आली की उठून लांब जात होता. मुलगी म्हणाली, "दोघांची ओळख होईल." घराला कुलूप, तुळशीला काकू, आणि मांजरीला दूध कोण घालणार हे अजून ठरायचं आहे.