पैनगंगेकाठचे ऊन पाणी

ऐन मे महिन्यात गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला निघालो म्हटल्यावर घरचे हसले. चंद्रपुरात पारा ४५ च्या वर आणि आम्ही निघालो उनकेश्वराला. राजुरा, गडचांदूर, कोरपना; सिमेंट कारखान्यांचा हा पट्टा मागे टाकून आदिलाबाद आणि तिथून किनवट तालुका. जिल्हा नांदेड. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, तिकडे कापेश्वरलाही असाच झरा आहे.

पत्ता नावातच असतो. ‘ऊन ऊन भात’ यातले ऊन तेच हे, संस्कृत ‘उष्ण’चे घासून गुळगुळीत झालेले रूप. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, चोपड्याचे उनपदेव. नाव ऐकून टॉवेल काढावा अशी ही गावे.

उनकेश्वराचे देऊळ हेमाडपंती, इथला मराठी शिलालेख यादवकाळातला. बाजूला कुंड. पायऱ्या उतरून पाण्यात पाय टाकला की आधी चटका वाटतो, मग शरीर सैलावते. ज्वालामुखीचे नाव कुणीतरी काढतेच. पण दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली. त्याची धग केव्हाच निवली. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापत जाते आणि वाट सापडली की तीच ऊब घेऊन वर येते. एवढेच.

मला जास्त मोलाची वाटते ती इथली कथा. शरभंग ऋषींना कुष्ठ झाले, रामाने बाण मारून हे पाणी काढले आणि ऋषी बरे झाले. बाणाचे सोडा, पण गावाने वेशीबाहेर काढलेली माणसे अशा कुंडांवर येत, याची आठवण त्या कथेत मुरलेली आहे. ज्या काळात त्यांना घागर शिवू देत नसत, त्या काळात अंग बुडवायला वाहते ऊन पाणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. गंधकाच्या मलमाने खरूज हटते, त्यामुळे गंधकाच्या पाण्यावरचा विश्वास अगदीच पोकळ म्हणवत नाही. कुष्ठाचा जंतू मात्र आंघोळीला दाद देत नाही. त्याला गोळ्याच लागल्या, आणि माणसांना आसरा लागला. तो आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला उभा राहिला: बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्यातून आनंदवन झाले. शरभंगाच्या कथेचा उत्तरार्ध मी तिथे वाचतो.

कुंडाचे पाणीही आमच्याच जिल्ह्याकडे येते म्हणा. पैनगंगा घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेत मिसळते, पुढे वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या कडेने जात सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. कुंडाची ऊब तोवर कुठली उरायला!

रात्री घरी पोचलो. पाणी किती गरम होते, असे विचारलेच. बाथरूमचा नळ सोडून दाखवला. “यापेक्षा जरा गारच.”