उठवायची घाई, झोपवायची सवय : ज्येष्ठांच्या पडण्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहाटे बाथरूममधून धप्पकन आवाज येतो. मुलगा आणि सून धावत जातात. आजी ओल्या फरशीवर कुशीवर पडलेल्या असतात, तांब्या कोपऱ्यात घरंगळलेला असतो. काय झालं हे विचारायच्या आत दोघं काखेत हात घालून त्यांना उभं करतात, कॉटवर आणून निजवतात, चहा पाजतात, कमरेला मलम चोळतात आणि बजावतात, “आता महिनाभर अजिबात उठायचं नाही.”

हे सगळं मायेपोटीच होतं, पण क्रम नेमका उलटा होतो. पडल्या क्षणी उठवायची घाई करायची नसते आणि उपचार झाल्यावर निजवून ठेवायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांत वृद्धांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. जी वाचतात त्यांच्यापैकी अनेकांचं चालणं हरपतं. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी आधी काही समजुती सोडाव्या लागतील.

गैरसमज : म्हातारपणी माणूस पडायचाच, त्यात काय एवढं!

वस्तुस्थिती : पडणं हे पुष्कळदा दुसऱ्याच आजाराचं लक्षण असतं. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, इन्सुलिननंतर उतरलेली साखर, लघवीचा संसर्ग, हृदयाचे अनियमित ठोके, यांपैकी काहीही कारण असू शकतं. म्हणून “कुठे लागलं?” याच्या जोडीला “पडण्याआधी काय वाटलं?” हेही विचारा. घसरून पडणं आणि चक्कर येऊन पडणं यांचे उपचार वेगळे आहेत. तोंड वाकडं झालं असेल, एक हात लुळा पडला असेल किंवा बोबडं बोलणं सुरू झालं असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. त्यातली गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

गैरसमज : पडलेल्याला आधी उचलून उभं करावं.

वस्तुस्थिती : आधी जवळ बसा आणि बोला. शुद्ध आहे का, मान दुखते का, दोन्ही पाय हलतात का, ते पाहा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडल्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी हलवू नका. अंगावर चादर घाला आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून मोफत मिळते. ११२ हा क्रमांकही चालतो. तोंडात चहा-पाणी घालू नका. ग्लानीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं आणि ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

फारसं दुखत नसेल तर त्यांना स्वतः उठू द्या, आपण फक्त साथ द्यायची. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार देऊन हात-गुडघ्यांवर यायचं. समोर भक्कम खुर्ची ठेवा. दोन्ही हात खुर्चीवर, बळकट पायाचं पाऊल पुढे, जोर लावून उठायचं आणि वळून लगेच बसायचं. काखेत धरून ओढल्याने खांद्याला इजा होते आणि मोडलेलं हाड सरकू शकतं.

एकट्या राहणाऱ्यांसाठी खरा धोका तासन्‌तास जमिनीवर पडून राहण्याचा असतो. स्नायू दबतात, त्यातून मूत्रपिंडाला इजा होते, शरीरातलं पाणी कमी होतं, त्वचेवर जखमा होतात. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांवर झालेल्या एका अभ्यासात पडलेल्यांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा अधिक वेळ तसेच पडून होते. मदतीची घंटा घरात असूनही बहुतेकांनी ती वाजवली नाही. फोन गळ्यात अडकवलेला असावा आणि कोणाला हाक मारायची ते आधीच ठरलेलं असावं.

गैरसमज : चालता येतंय, म्हणजे हाड मोडलेलं नाही.

वस्तुस्थिती : खुब्याला चीर गेली पण हाड जागचं हललं नाही, तर माणूस लंगडत चालूही शकतो. काही वेळा पहिल्या एक्स-रेतही ही चीर दिसत नाही. जांघेत दुखणं थांबत नसेल, तर पुन्हा दाखवा. गरज पडली तर सीटी किंवा एमआरआय करतात. तोवर मालीश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणं तर मुळीच नको.

गैरसमज : डोक्याला टेंगूळ आलंय, रक्त आलं नाही, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : उतारवयात मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या आवरणाखालच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्यातून हळूहळू रक्त साचू शकतं. त्याची लक्षणं दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात : डोकेदुखी, सुस्ती, तोल जाणं, विसरायला होणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचं नाव सांगा.

गैरसमज : या वयात ऑपरेशन झेपणार नाही, झोपून राहिल्यावर हाड जुळेल.

वस्तुस्थिती : खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये वयापेक्षा झोपून राहणं जास्त घातक ठरतं. न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीवरच्या जखमा हे सगळं त्यातूनच येतं. रॉड टाकणं किंवा खुब्याचा गोळा बदलणं यामागचा पहिला हेतू वेदना थांबवून माणसाला पायांवर उभं करणं हा असतो. बहुतेक रुग्णांचं ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं, असं मानलं जातं. भारतासह १७ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही तासांत ऑपरेशन केल्याने मृत्यूचं प्रमाण घटलं नाही, पण मनाचा गोंधळ आणि लघवीचा संसर्ग कमी झाला, आणि माणसं लवकर उभी राहिली. नव्वदीतल्या आईसाठी निर्णय घेताना “वय किती?” यापेक्षा “पडण्याआधी ती कशी चालत होती?” हा प्रश्न मोलाचा आहे. त्याचं उत्तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

गैरसमज : दवाखान्यात जितकं पडून राहावं, तितका आराम.

वस्तुस्थिती : २००७ मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्धांना १० दिवस फक्त बिछान्यावर ठेवून पाहिलं गेलं. त्यांच्या पायांतला जवळपास १ किलो स्नायू गेला आणि मांडीची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी उतरली. ही धडधाकट माणसं होती. ताप आणि वेदनेने खंगलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच फिजिओथेरपिस्ट उभं करतात, ते याचसाठी. कोणताही आजार असो, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवण खुर्चीत बसून होऊ दे. लघवीची नळी आणि सलाइन माणसाला पलंगाला बांधून ठेवतात. “ही नळी आज काढता येईल का?” असं रोज विचारणं हा नातेवाइकांचा हक्कच आहे.

गैरसमज : दवाखान्यात बरळायला लागले, म्हणजे वयाचा परिणाम.

वस्तुस्थिती : कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा आज मुलाला ओळखत नसतील, तर तो म्हातारचळ नव्हे. अचानक आलेला असा गोंधळ ही वैद्यकीय तातडीची बाब आहे. संसर्ग, रक्तातलं कमी झालेलं सोडियम, तुंबलेली लघवी, एखादं नवं औषध, अशी कारणं शोधली तर बहुधा तो सुधारतो. दवाखान्यात निघताना घाईतही एक पिशवी भरा : चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, काठी आणि चालू औषधांच्या सगळ्या स्ट्रिप्स. दिसलं आणि ऐकू आलं की गोंधळ कमी होतो, आणि काठी हाताशी असली की पाऊल लवकर पडतं.

गैरसमज : एकदा पडलं की चालणं कमी करावं. काठी घेणं म्हणजे हार मानणं.

वस्तुस्थिती : भीतीने चालणं थांबलं की पाय आणखी दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. तोल आणि पायांच्या ताकदीच्या नियमित व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं १०० हून अधिक चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी.

“हातीपायी धड राहू दे,” एवढंच मागणं आपले आईवडील देवाजवळ मागत असतात. त्यातला मोठा भाग आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी त्यांना खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर या आठवड्यातच डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या. आणि बाथरूममधल्या भिंतीवर धरायला भक्कम दांडा आजच बसवून घ्या.