डबा सांभाळतं कोण?

१ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. जीपीएसचे उपग्रह लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या त्यांच्या संदेशात तोवर मुद्दाम चूक मिसळलेली असे, शत्रूला नेमकं ठिकाण कळू नये म्हणून. ती भेसळ त्या रात्री बंद झाली. शंभरेक मीटरच्या परिघात कुठेतरी, इतकंच सांगू शकणारं हातातलं यंत्र एकाएकी दहा-वीस मीटरपर्यंत नेमकं झालं. जहाजं, विमानं, शेती, नकाशे यांना त्याचा काय फायदा झाला हे पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्यातून दोन दिवसांत जन्मलेल्या एका छंदाविषयी. मी तो अनेक वर्षं जपलाय, त्यानं मला भरभरून दिलंय आणि आज त्याची जी हेळसांड चाललीय ती मला बघवत नाही.

३ मे रोजी ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञानं एक काळी प्लॅस्टिकची बादली झाडीत अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ कॅसेट, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल, एक घेवड्याच्या दाण्यांचा डबा, आणि वही-पेन्सिल. त्या जागेचे अक्षांश-रेखांश, ४५ अंश १७.४६० मिनिटं उत्तर आणि १२२ अंश २४.८०० मिनिटं पश्चिम, त्यानं जीपीएसवाल्यांच्या एका इंटरनेट चर्चागटात टाकले. नियम साधा: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधली. पहिला माइक टीग. मेअखेरीस ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं गेलं आणि २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशनं सिअ‍ॅटलमधून एक संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा त्यावर जगभरातले मिळून ७५ डबे होते. आज तीस लाखांवर आहेत. एक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात आहे. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियटनं तिथल्या एका कप्प्यालाच डबा म्हणून जाहीर केलं.

कल्पना मात्र २००० सालच्याही फार आधीची. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या ओसाड पठारावर वाटाड्याचं काम करणाऱ्या जेम्स पेरटनं १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यानं आपलं नावाचं कार्ड आत टाकायचं. दुर्गम जागी आपण पोचलो याची खूण ठेवावी आणि आधी कोण येऊन गेलं ते बघावं, ही ओढ उपग्रहांनी निर्माण केलेली नाही.

मी पोर्टलंडच्या पश्चिमेच्या उपनगरांत राहतो. चिपच्या कारखान्यांमुळे इथे मराठी घरं बरीच. अल्मरची बादली होती तिथे २००३ पासून एक स्मृतिफलक आहे आणि आमच्याकडे कुणी पाहुणे आले की धबधब्यांच्या आधी मी त्यांना तिथे नेतो. रस्त्याच्या कडेची साधी झाडी, बघण्यासारखं काही नाही. तरी मला ती जागा मोठी वाटते.

प्रत्यक्षात हा छंद म्हणजे काय, ते सांगतो. फोनवर जागेचे आकडे घ्यायचे. प्रत्येक डब्याला शोधाची अवघडता आणि वाटेची अवघडता असे दोन गुण असतात, एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्यानं वाढणारे. वाटेला एक गुण म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही जाता यावं. माझ्या पाठपिशवीत पेन, टोकदार चिमटा, विजेरी, हातमोजे, कोरे कागद आणि झिपच्या पिशव्या कायम असतात. चिमटा का, तर काही डब्या करंगळीच्या नखाएवढ्या असतात आणि आतली कागदाची सुरळी बोटांनी निघत नाही. जानेवारीच्या पावसात, गारठलेल्या हातांनी ती सुरळी पुन्हा गुंडाळून आत बसवणं ही या छंदातली सगळ्यांत चिडचिडीची पाच मिनिटं.

आकडे मिळाले म्हणजे डबा मिळाला असं नाही. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. कागदावर इतकी नेमकी जागा असते. पण ऑरेगनच्या रानातले डग्लस फर उंच आणि दाट. दरीत मारलेली हाक कड्यांवर आपटून फिरून यावी तसा उपग्रहाचा संदेश खोडांवरून, ओल्या पानांवरून फिरून येतो, आणि फोनमधला बाण क्षणात पुढे, क्षणात मागे दाखवू लागतो. डबा ठेवणाऱ्यानं आकडे नोंदवले तेव्हा त्याच्याही यंत्राचं हेच झालेलं असतं. त्याची चूक आणि तुमची चूक मिळून वीसेक मीटरची झाडी पालथी घालावी लागते. शेवटी यंत्र खिशात टाकायचं आणि डोळे वापरायचे. निसर्गात काटक्या एकमेकींना समांतर पडत नाहीत. दगडाखाली शेवाळ असेल आणि वर नसेल तर तो कुणीतरी उलटा ठेवलाय. ही नजर हळूहळू येते आणि मग कायमची राहते. सह्याद्रीत फिरतानाही मला कपारीतली मांडणी दिसते, ती गुराख्यानं केलेली असली तरी.

न सापडणं हा खेळाचाच भाग. त्याची नोंद ‘डीएनएफ’ म्हणून करायची असते, आणि ती प्रामाणिकपणे करणं फार महत्त्वाचं, कारण तेवढ्यावरूनच मालकाला कळतं की डबा बहुधा गेलाय. पुष्कळजण ही नोंद करतच नाहीत. अपयश लिहायला नको वाटतं. मग पुढचे येतात, शोधतात, परत जातात.

लोकांच्या नजरेचं काय? या छंदात नसलेल्यांना आम्ही ‘मगल’ म्हणतो, हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून उचललेला शब्द. मगल समोर असताना डबा काढायचा नाही. ऐकायला हे गमतीचं वाटतं, पण सावळ्या रंगाच्या एकट्या पुरुषानं उद्यानातल्या बाकाखाली हात घालून पंधरा मिनिटं चाचपणं ही अमेरिकेत गमतीची गोष्ट नाही. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळचे डबे मी सोडून देतो. कुणी विचारलं तर सरळ खरं सांगतो, फोनवरचा नकाशा दाखवतो. बहुतेक माणसं मग स्वतःच शोधायला वाकतात. पोलिसांची भीतीही काल्पनिक नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेरच्या संशयास्पद डब्यापायी रस्ता रिकामा करून लष्कराच्या बॉम्बपथकाला बोलवावं लागलं. डबा जिओकॅशिंगचा होता. डब्यावर बाहेरून ठळक लेबल लावा ही सूचना दुर्लक्षण्याजोगी नाही.

पण माझी खरी तक्रार लोकांशीही नाही, झाडांशीही नाही. डबे बेवारस होतात, ही आहे.

डबा ठेवणारा नियमानं त्याचा मालक असतो. अधूनमधून जाऊन बघणं, कुजलेली वही बदलणं, फुटलेलं झाकण बदलणं ही त्याची कबुली असते. नवा डबा प्रसिद्ध होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक त्याची तपासणी करतो: दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर आहे का, जागेच्या मालकाची परवानगी आहे का, जमीन खणलेली नाही ना. अल्मरची अर्धवट पुरलेली बादली आज नामंजूर झाली असती, आणि तेच योग्य. पण प्रसिद्ध झाल्यानंतर काय? पहिल्या उत्साहात पाच-पन्नास डबे ठेवणारा माणूस गाव बदलतो, त्याला मूल होतं, मन उडतं. डबे तिथेच राहतात. छायाचित्रांच्या फिल्मची जुनी काळी डबी पाणी अडवत नाही. आमच्याकडच्या पावसात दोन हिवाळ्यांत आतल्या कागदाचा लगदा होतो. रबरी कड असलेली लष्करी काडतुसांची लोखंडी पेटी दशकभर टिकते, पण ती महाग आणि जड, म्हणून ठेवणारे कमी.

त्याहून वाईट म्हणजे ‘टाकलेला डबा’. शोधणाऱ्याला डबा मिळत नाही, तर तो खिशातली स्वतःची डबी तिथे टाकतो, तीत सही करतो आणि ‘सापडला’ म्हणून नोंदवतो. मूळ डबा तीन फुटांवर व्यवस्थित असतो. पुढच्यांना कधी हा, कधी तो मिळतो आणि मालकाच्या मेहनतीचा विचका होतो. हे करणारे स्वतःला मदतनीस समजतात. माझ्या मते ही खोटी नोंद आहे, दुसरं काही नाही.

या सगळ्यामागे आकड्याची भूक आहे. प्रत्येकाच्या नावापुढे सापडलेल्या डब्यांची संख्या दिसते. नेवाडाच्या वाळवंटात, परग्रहवासींच्या कथांमुळे प्रसिद्ध झालेल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्यावर २०१० मध्ये ठरावीक अंतरानं हजारावर डब्या ओळीनं ठेवल्या गेल्या. गाडी थांबवायची, उतरायचं, डबी उचलायची, पळायचं. काही गट तर आधीच सही केलेली डबी या ठिकाणी ठेवतात आणि इथली उचलून पुढच्या ठिकाणी नेतात, म्हणजे उघडायचाही वेळ वाचतो. त्यात शोध कुठे राहिला? शहरातही तेच. मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर दिव्याच्या खांबाच्या पायाशी पत्र्याचं आवरण असतं. ते उचललं की खाली डबी. त्या जागी कुणाला न्यावं असं काहीही नाही. चांगल्या डब्यासाठी एखाद्या माणसानं आपल्या आवडत्या ओढ्यापर्यंत, विसरलेल्या पुलापर्यंत, झाडांमागच्या कड्यापर्यंत मला नेलेलं असतं. मी त्या अनोळखी माणसाचा पाहुणा असतो. दिव्याच्या खांबाखाली मी कुणाचाच पाहुणा नसतो.

एक दुःख खासगी आहे, तरी सांगतो. डब्यांतून प्रवास करणाऱ्या वस्तू असतात. धातूच्या बिल्ल्यावर क्रमांक, त्याला काहीतरी अडकवलेलं, आणि संकेतस्थळावर तिचं पान. ज्याला सापडेल त्यानं ती पुढच्या डब्यात न्यायची. मी सावंतवाडीचा लाखकाम केलेला भोवरा असा सोडला होता, ‘मला माझ्या गावी पोचवा’ असं लिहून. तो अमेरिका ओलांडून जर्मनीत पोचला, तिथल्या लोकांनी त्याचे बर्फातले फोटो पाठवले. मग एका डब्यात ठेवल्याची नोंद, आणि पुढे शांतता. तो डबा नंतर बंद झाला. त्याच्या मालकाला मी लिहिलं, उत्तर आलं नाही. भोवऱ्याच्या पानावर मात्र तो अजूनही त्याच डब्यात असल्याचं दिसतं. बहुतेक वेळा अशा वस्तू एखाद्या मुलानं खेळणं समजून नेलेल्या असतात आणि त्याचा राग येत नाही. डब्याच्या मालकानं एकदा जाऊन बघितलं असतं तर निदान ‘हरवला’ असं लिहिता आलं असतं.

यावर एक चांगली वाट २००४ मध्येच निघाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. मग जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेतल्या गॅरी लुइस यांच्या पुढाकारानं ‘अर्थकॅश’ सुरू झाला. पहिला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर होता. यात डबाच नसतो. दिलेल्या जागी जायचं, खडक, प्रवाह, थर यांचं निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. कुजायला काही नाही, चोरायला काही नाही. आमच्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले कडे म्हणजे सुमारे एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. १८९ मीटरचा मल्टनोमा धबधबा त्याच थरांवरून कोसळतो. पहिल्यांदा तिथे उभं राहून थर मोजताना मला घाटातला कडा आठवला, आणि ते साम्य वरवरचं नाही: दख्खनचं पठारही असंच भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्यानं बनलंय, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांशी दोन शब्द. इथून सुट्टीवर जाणारे काही उत्साही लोक गावाकडे डबा ठेवून परत येतात. तो डबा सांभाळणार कोण? घरापासून दूरच्या डब्याची देखभाल कोण करणार हे सांगता आलं नाही तर परीक्षक तो नाकारतात, आणि नाकारावाच. किल्ल्याच्या तटात, लेण्याच्या खांबामागे, वीरगळाखाली तर काहीही लपवू नका. संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी शोधणाऱ्यांच्या हातांनी सैल होणारा एकेक दगड परत बसत नाही. आपल्याकडे डब्याशिवाय दाखवण्यासारखं इतकं आहे: बेसाल्टात उल्केनं पाडलेलं लोणारचं विवर, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलचे दगडी खांब. भूगोल किंवा भूशास्त्र शिकवणाऱ्यांनी अशा जागांवर अर्थकॅश लिहावेत, प्रश्न मराठीतही द्यावेत. आणि तुम्हाला डबाच ठेवायचा असेल तर तो घरापासून चालत जाता येईल अशा जागी ठेवा, जागेच्या मालकाला विचारून. दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तिथे जा, झाकण उघडा आणि वही कोरडी आहे का ते बघा.